सतरावा प्रश्न: घरात पाणी आहे का?

३ फेब्रुवारी

अहवालात "मी" लिहायची परवानगी नाही. "असे आढळून आले" असं लिहायचं. कोणाला आढळलं, आढळलं तेव्हा तिचं डोकं दुखत होतं का, हे कुणाला नको असतं. म्हणून ही वही. इथे मी मनसोक्त मी-मी करणार आहे.

तर मी सुखदा, वय तेहतीस, मूळची नागपूरची. आठ वर्षं बंगळूरच्या एका आयटी कंपनीत बँकांचे आकडे चाळले आणि मागच्या ऑगस्टात ते सोडून हेब्बाळच्या एका लहानशा संशोधन संस्थेत आले. मी इथे नक्की काय करून राहिली, हे आईला अजून कळलेलं नाही. ती सगळ्यांना सांगते, "सुखदा हवामान खात्यात आहे," आणि मग मी घरी गेले की शेजारचे काका मला पाऊस कधी येणार ते विचारतात.

काम असं आहे. विजापूर आणि बेळगावच्या मधला कोरडा पट्टा, त्यातली बावन्न गावं. हवामान बदलत चाललंय. तर कोणत्या गावाची शेती आधी कोलमडेल आणि कोणतं गाव तग धरेल, ते आकड्यांत मांडायचं. प्रत्येक गावाला शंभरपैकी गुण. गुण जास्त तर धोका जास्त. सगळ्यात धोक्यातल्या दहा गावांना एक देणगीदार संस्था पाच वर्षं मदत करणार आहे. शेततळी, बियाणं, पावसाचा अंदाज, सगळं. अकराव्या गावाला काही नाही. यादी २७ मार्चला द्यायची आहे आणि ती माझ्या सूत्रातून निघणार आहे. 

८ फेब्रुवारी, रविवार

इथल्या लोकांना तेहतीस डिग्रीला उकडतं. मी नागपूरची आहे, मला हसू येतं. पण पाण्याचं हसू येत नाही. मी राजाजीनगरात प्रियदर्शनी अक्कांच्या घरी वरच्या खोलीत राहते. अक्का साठी ओलांडलेल्या, एकट्या, सडसडीत. घराणं मूळचं साताऱ्याकडचं, पण तीन पिढ्या इथेच गेल्या, त्यामुळे त्यांची मराठी अशी: "स्वल्प थांब गं, कुकर उतरवून येते. ऊटा झालं का तुझं? सरी, मग ताक तरी घे." ऊटा म्हणजे जेवण, सरी म्हणजे बरं.

घरची बोअर डिसेंबरातच आटली. नळ दिवसाआड, तोही त्याच्या मर्जीनं. मग टँकर. रोज सकाळी अक्का माझ्यासाठी जिन्याखाली दोन बादल्या भरून ठेवतात. दोन म्हणजे दोन. मी वरून विचारते, "अक्का, पाणी आहे ना?" आणि त्या खालून म्हणतात, "आहे की. तू कर आंघोळ." हा आमचा रोजचा संवाद.

आज केस धुवायचे होते म्हणून भीत भीत तिसरी बादली मागितली. "घे की," म्हणाल्या, आणि स्वतः उचलून दिली. मला वाटत होतं तितकी चिकट नाहीये बाई.

११ फेब्रुवारी

अक्का दिवसाआड धाकट्या बहिणीकडे जातात, जे. पी. नगरला. मेट्रोनं इथून तिथे, हातात एक फुगलेली कापडी पिशवी. संध्याकाळी परत येतात त्या एकदम ताज्यातवान्या, अंगाला पावडरचा वास. या आठवड्यात तर लागोपाठ दोन दिवस गेल्या. बहिणींचं प्रेम असावं तर असं. मी आणि दादा महिन्यातून एकदा फोन करतो, तोही मोबाईलचा रिचार्ज कुणी करायचा यावर भांडायला.

१४ फेब्रुवारी

सर्वेक्षणाचे फॉर्म येऊ लागले. सहा जणी गावागावांत फिरून मोबाईलवर फॉर्म भरतात. जानेवारीत मीच त्यांना प्रशिक्षण दिलं. नियम पहिला: समोरची व्यक्ती जे सांगेल तेच लिहायचं, आपलं मन घालायचं नाही. नियम दुसरा: कुणाकडे चहापाण्याला बसायचं नाही. एका घराला वीस मिनिटं. शिवाय प्रत्येक उत्तराला ॲप आपोआप वेळ टाकतं, म्हणजे कुणी झाडाखाली बसून खोटे फॉर्म भरले तर लगेच कळेल. ही युक्ती माझीच. बँकेत आठ वर्षं काढली की माणूस संशयी होतो.

पाच जणी दिवसाला नऊ-नऊ घरं करतात. सहावी, गंगव्वा, चार. कधी तीन. ती तळेगट्टी नावाच्या गावची आहे, चाळिशीची असेल, आणि आजूबाजूची आठ गावं तिच्याकडे आहेत. आज फोन केला.

"गंगव्वा, चारच घरं का झाली?"

"बसलो होतो की म्याडम." तिकडच्या बायका "मी बसलो, मी आलो" म्हणतात, ते मला ऐकायला फार आवडतं. पण आज आवडून घ्यायचा दिवस नव्हता.

"बसायचं नाही असं ठरलंय ना आपलं?"

"हां. पण पाणी दिल्याबिगर सोडत न्हाईत. न पिता कसं उठायचं?"

मी म्हटलं, पाणी प्यायला असा किती वेळ लागतो? ती म्हणाली, "लागतोय स्वल्प." आता मराठीत बोलतानासुद्धा सगळे मला स्वल्प स्वल्प करतात. चिडावं तर नीट चिडताही येत नाही.

२० फेब्रुवारी

सकाळी वॉर्डातून एक गृहस्थ आले होते, गळ्यात ओळखपत्र, हातात यादी. कोणत्या घरांना पाण्याची अडचण आहे ते विचारत फिरत होते. अडचण असलेल्या गल्लीत टँकर वाढवणार म्हणे. मी जिन्यात होते. अक्कांनी दार उघडलं, त्यांना पंख्याखाली बसवलं, गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढे ठेवलं.

"नीर इदेया अम्मा?" त्यांनी विचारलं. पाणी आहे का?

"इदे, इदे," अक्का म्हणाल्या. "आहे की. घ्या ना अजून."

ते गृहस्थ खूण करून गेले. मला इतका राग आला. आज माझ्या बादल्या पाऊणच भरलेल्या होत्या. मी म्हटलं, "अक्का, सांगायचं ना नाही म्हणून! त्यासाठीच आला होता तो."

"उन्हातून आला बिचारा," अक्का म्हणाल्या. "त्याच्या तोंडावर पाणी नाही म्हणू?"

काय करावं अशा माणसांचं. गल्लीला टँकर मिळणार नाही तो नाहीच.

२६ फेब्रुवारी

आमचे प्रमुख भीमाचार्य सर. भूजलातले जाणकार, पासष्टचे, साडेबाराच्या ठोक्याला दहीभात. लहानपण सोलापुरात गेलं म्हणून माझ्याशी मराठी बोलतात, जरा छापील. आज माझ्या खुर्चीमागे उभे राहून बराच वेळ तक्ता बघत होते.

"शेऱ्यांचा रकाना दिसत नाही, सुखदा."

"तो काढला सर. गणितात घेता येत नाही. आणि एकट्या गंगव्वाच शेरे लिहितात. 'गूळपाणी दिले.' 'तांब्या अर्धा होता.' 'सून आली तेव्हा उठलो.' याचे गुण कसे करायचे?"

"अस्सं," सर म्हणाले, आणि दहीभाताला गेले. पसंत पडलं की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही. मी रकाना काढलेलाच ठेवला. फेकला मात्र नाही, वेगळ्या फाइलमध्ये आहे.

४ मार्च

पहिला नकाशा झाला! अभिराजनं, म्हणजे आमच्या नकाशेवाल्यानं, फार सुरेख रंगवला. हा मुंबईचा, अर्धी वाक्यं इंग्रजीत. "सुखदा, ग्रीन थोडा डार्क केलाय, स्लाइडवर पॉप होईल." लाल म्हणजे धोका, हिरवं म्हणजे निवांत. पाऊस आणि उष्णता यांचे आकडे बावन्न गावांत जवळपास सारखेच आहेत, त्यामुळे सगळा फरक पडतो तो तग धरायच्या ताकदीत, आणि त्यात सगळ्यात वजनदार आमचा सतरावा प्रश्न: घरात पाणी आहे का? तळेगट्टीत दहाच्या दहा घरांनी "आहे" सांगितलं. गाव बावन्नात एकोणपन्नासावं आलं. गर्द हिरवं.

गंगव्वाला मुद्दाम फोन करून सांगितलं, म्हटलं खूश होईल. "तुमचं गाव एकदम सुरक्षित निघालं हो."

 मग म्हणाली, "म्हणजे यादीत न्हाई."

"नाही ना, चांगलंच आहे की ते."

"हां. बरं हाय की, म्याडम."

लाजली असेल. गावाचं कौतुक झालं की माणसं अशीच बोलतात.

११ मार्च

आईचा फोन. टीव्हीवर बंगळूरच्या टँकरांच्या रांगा दाखवल्या म्हणे. "सुखदा, पाणी आहे ना गं तुमच्याकडे?"

मी खरं तर आज कपडे न धुता तेच घालून ऑफिसला गेले होते. पण म्हटलं, "आहे गं, भरपूर आहे. टीव्हीवाल्यांना काही काम नाही." उगाच तिला कशाला घोर. नाहीतर उद्याच्या गाडीत बसून येईल, आणि मग तिलाही दोन बादल्या लागतील.

१३ मार्च

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, कारण सोमवारपर्यंत मी स्वतःच त्याला गोंडस करून टाकीन.

सकाळी गंगव्वाविरुद्ध पत्र लिहायला बसले होते. मुदतीत फॉर्म आले नाहीत, नियम दुसरा मोडला, वगैरे. पुरावा हवा म्हणून तिच्या फॉर्मांतल्या वेळा काढल्या. म्हटलं, बाई नेमकी कुठे रेंगाळते ते दाखवूच.

पहिला प्रश्न ते सोळावा प्रश्न, नऊ मिनिटं. अठरावा ते चाळिसावा, अकरा मिनिटं. चोख काम. पण सतरावा आणि अठरावा यांच्यामध्ये एक्केचाळीस मिनिटं. दुसरं घर, अडतीस. तिसरं, बावन्न. दहा घरं तळेगट्टीची, आणि जवळजवळ प्रत्येक घरी "पाणी आहे का" या प्रश्नानंतर पाऊण तास शांतता.

मी फोन लावला. आवाज अजून फौजदाराचाच होता.

"गंगव्वा, सतराव्या प्रश्नानंतर तुम्ही पाऊण तास काय करता?"

"पाण्याची वाट बघतो की."

"म्हणजे?"

"मी इचारतो पाणी हाय काय. त्या म्हणत्यात हाय की, बसा, आणतो. मग घागर घेऊन जात्यात."

"कुठे?"

"खालच्या मळ्यात. दीड किलोमीटर आसंल. कवा तिथंबी रांग आसतीया."

मी खुर्चीत बसले होते ती उभी राहिले. "मग गंगव्वा, 'आहे' काय म्हणून लिहिलंत? तुमचं स्वतःचं गाव ना ते?"

"तुम्हीच सांगितलासा की म्याडम. सांगतील तेच लिवायचं, आपलं मन घालायचं न्हाई." तिच्या आवाजात टोमणा अजिबात नव्हता, हे जास्त लागलं. "आणि त्या तरी काय सांगणार? दारात आलेल्या माणसाला पाणी न्हाई म्हणतंय काय कोण? तुम्ही म्हणाल?"

मला परवाचा आईचा फोन आठवला. 

मग ती वेगळी फाइल उघडली. "तांब्या अर्धा होता." "सून आली तेव्हा उठलो." सगळं लिहिलेलं होतं बाईनं, रोजच्या रोज. मी काढून टाकलं होतं. आणि दुसऱ्या पाच जणींनी माझा नियम पाळून कुठेच पाणी घेतलं नाही, म्हणून त्यांच्या गावांत काय परिस्थिती आहे ते मला अजिबात माहीत नाही. नियम मोडणाऱ्या एकीचाच तक्ता खरा आहे. माझा नकाशा म्हणजे कुठल्या गावात पाहुण्याशी माणसं चांगली वागतात त्याचा नकाशा झालाय.

गंगव्वाविरुद्धचं पत्र पुसून टाकलं. रडू आलं थोडं, ऑफिसच्या बाथरूममध्ये. तोंड धुवायला नळ सोडला तर तिथे कागद चिकटवलेला, "दुपारी तीननंतर".

१४ मार्च

सरांना सगळं सांगितलं, एका दमात, उभ्यानं. तेरा दिवस राहिले आहेत, यादी चुकीची आहे, चूक फॉर्मची नाही, माझ्या दोन्ही नियमांची आहे, आणि मला पुन्हा मोजायचं आहे. हेही म्हटलं की माझा इथला करार वाढवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण ही यादी माझ्या नावानं जाऊ देऊ नका.

सरांनी डबा बंद केला. "पुन्हा कसे मोजणार? पुन्हा विचारलेस तर पुन्हा 'आहे' म्हणतील."

"विचारणारच नाही सर. पाणी यायला किती वेळ लागतो तेवढं बघायचं."

"अस्सं," सर म्हणाले. मग डबा बाजूला सारत, "मला वाटले होते तू मार्चअखेरपर्यंत तो रकाना उघडणार नाहीस." म्हणजे यांना तेव्हाच शंका आली होती! मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, "शंका होती. आकडा नव्हता." आणि परत डबा उघडला.

संध्याकाळी सहाही जणींना एकत्र फोन. मी म्हटलं, नवा नियम: पाणी घ्या आणि घड्याळ बघा. पाच जणी हो म्हणाल्या. गंगव्वा म्हणाली, "न्हाई म्याडम."

"का?"

"आमच्या एका घोटापायी त्या बायकांनी परत पळायचं काय दीड किलोमीटर? उन्हाचं? मला न्हाई जमायचं."

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बंगळूरात बसून मी पाचशे बायकांना उन्हात पाठवणार होते.

"मग काय करायचं?" मी विचारलं. पहिल्यांदाच मनापासून विचारलं, असं वाटतं.

"सकाळी त्या जात्यातच पाण्याला. त्यांच्यासंगं जायचं. एक घागर आपण उचलायची. वेळ आपोआप कळतोय."

तोच नियम झाला. गावात पाच खेपा, पाच वेगवेगळ्या घरांबरोबर, हातात घागर. संशोधनपद्धतीच्या प्रकरणात हे कसं लिहायचं ते बघू.

१९ मार्च

पाडवा, म्हणजे इथली उगादी. अक्कांनी गुढीही उभारली आणि दाराला आंब्याचं तोरणही लावलं, म्हणाल्या दोन्हीकडच्या देवांना राग नको. कडुलिंब-गूळ, आणि होळिगे म्हणून वाढलेली पुरणपोळी. मी तीन खाल्ल्या.

जेवताना गंगव्वाचा आवाजी निरोप आला. चालता चालता बोलत होती, धाप लागलेली, मागे बायकांचं हसणं. "म्याडम, आज सण हाय म्हणून सकाळपासनं तिसरी खेप. ही शांतव्वा म्हणतीया, तुमच्या म्याडमला सांगा, सर्वे रोज करा, घागर उचलायला माणूस गावतंय." मी अक्कांना ऐकवलं. त्या हसल्या, पण मग ताट उचलून लगेच आत गेल्या.

अक्का म्हणे आज पण जे. पी. नगर. सणाचं बहिणीकडे जाणं आलंच.

२५ मार्च

सगळ्या खेपा आल्या. दोनशे साठ. सतराव्या प्रश्नाची उत्तरं काढली आणि त्या जागी मिनिटं घातली. अभिराज म्हणाला, "सुखदा, अख्खा मॅप फ्लिप झाला यार." अख्खा नाही, पण नऊ गावं जागची हलली. तळेगट्टी एकोणपन्नासावरून चौथी. पलीकडच्या पाच जणींच्या गावांतली आणखी तीन गावं अशीच हिरव्यातून लाल झाली, आणि मी त्यांना कधी रागावलेही नव्हते.

गंगव्वाला कळवलं. या वेळी "अभिनंदन" वगैरे म्हटलं नाही, नुसतं "तळेगट्टी यादीत चौथी आहे" म्हटलं.

"हां," ती म्हणाली. मग नाक ओढल्याचा आवाज आला. मग, "एक हाय म्याडम. आमच्या गावात पाणी न्हाई आसं लिवू नका कुठं. बायका इचारतील मला, आम्ही तुला न्हाई म्हणालो होतो काय?"

मी म्हटलं, नाही लिहिणार. नवीन रकान्याचं नाव ठेवलंय "पाणी येईपर्यंतचा वेळ". ती म्हणाली, "हे बरं हाय. पाणी येतंय की. वेळ लागतोय येवढंच."

२७ मार्च

बैठक. देणगीदार संस्थेच्या शलाका मॅडम आल्या होत्या. पांढरी सुती साडी, पुढ्यात वही, चष्म्यावरून बघायची सवय. मी दोन्ही नकाशे लावले, आधी चुकलेला, मग नवा. अभिराजनं खुणेनं विचारलं, पहिला कशाला दाखवतेस? पण मी ठरवलं होतं.

"म्हणजे तुमचा पहिला निष्कर्ष चुकीचा होता," मॅडम म्हणाल्या.

"हो. माझ्या नियमामुळे. आमच्या एका सर्वेक्षक ताईंनी तो मोडला म्हणून सापडलं."

"आणि त्यांनी मोडला नसता तर?"

"तर चार गावांची पाच वर्षं गेली असती आणि मला बढती मिळाली असती."

हे तोंडातून निघून गेलं. सर छताकडे बघायला लागले. मॅडम मात्र हसल्या आणि विचारलं, त्या ताई कुठे आहेत? मी म्हटलं, तळेगट्टीत, आज ज्वारीची मळणी आहे त्यांची. मॅडमनी नाव लिहून घेतलं. यादी मंजूर झाली, अट एकच: पुढच्या टप्प्याच्या आधी सगळ्या सर्वेक्षकांना एकत्र बसवून प्रश्न पुन्हा तयार करायचे, आणि ते गंगव्वांनी तपासायचे.

बाहेर पडताना सरांनी माझ्या हातात पाकीट दिलं. दोन वर्षांचा करार. तारीख बघितली, १६ मार्चची होती. म्हणजे मी कबूल केलं त्याच्या पुढच्याच सोमवारी टाइप करून ठेवला होता आणि अकरा दिवस मला टांगून ठेवलं. "सर!" म्हटलं तर म्हणाले, "यादी आधी येऊ दे म्हटले."

आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे हवामान खात्यातच ना?" मी म्हटलं, हो.

२९ मार्च, रविवार

सकाळी उठले, केस धुवायचा दिवस. जिन्यात उभी राहून नेहमीसारखं विचारलं, "अक्का, पाणी आहे ना?"

"आहे की," खालून आवाज आला. "तू कर आंघोळ."

मी दोन पायऱ्या उतरले आणि तिथेच थांबले. दोन महिने मी हा प्रश्न रोज विचारतेय. दोन महिने एकच उत्तर. शंभर टक्के "आहे".

खाली आले. जिन्याखाली माझ्या दोन बादल्या, काठोकाठ. पलीकडे मागच्या पडवीत अक्कांचा निळा ड्रम. मी कधी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. झाकण उचललं. तळाला वीतभर पाणी, त्यात तांब्या आडवा पडलेला. आणि दाराशी ती कापडी पिशवी, फुगलेली. वरून टॉवेलचं टोक दिसत होतं आणि पावडरचा डबा.

अक्का स्वयंपाकघरातून आल्या आणि मला ड्रमपाशी बघून थांबल्या.  मला सगळे दिवस आठवत होते, दिवसाआड, लागोपाठ दोन दिवस, पाडव्याचा दिवस. ज्या दिवशी मी तिसरी बादली मागितली होती तो दिवस. मी यांना चिकट म्हटलंय या वहीत. खोडलं नाही, राहू दे तसंच.

"अक्का," मी म्हटलं, "बहिणीला काय सांगता तुम्ही?"

त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "हीटर बिघडलाय म्हणते. दुरुस्तीवाला येत नाही म्हणते."

"डिसेंबरपासून?"

"स्वल्प वेळ लागतो त्यांना," अक्का म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसायला लागलो. इतकं हसलो की मला पायरीवर बसावं लागलं.

माझ्या दोन्ही बादल्या मी त्यांच्या ड्रममध्ये ओतल्या. त्या "बेड, बेड गं, नको" करत राहिल्या. मग वर जाऊन टॉवेल, कपडे, शाम्पू घेतला आणि पिशवी घेऊन खाली आले. "चला, मलाही ओळख करून द्या बहिणीची." मेट्रोत आम्ही शेजारी शेजारी बसलो, मांडीवर एकेक फुगलेली पिशवी. समोर एक काकू बसल्या होत्या, त्यांच्याही मांडीवर तशीच पिशवी होती. मी यापूर्वी कधी पिशव्या बघितल्याच नव्हत्या.

नंदूमावशींनी दार उघडलं. अक्कांसारख्याच, पण गोल. त्यांनी आधी ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग दोन्ही पिशव्यांकडे.

"काय गं ताई, राजाजीनगरात पाणी आहे ना?"

"आहे की," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"सरी," नंदूमावशी म्हणाल्या, आणि आत जाऊन गीझर लावला.